पडद्याआडून निवडलेली गिटार

मधूभाऊ धकाते गिटार निवडायला निघाले की पिशवीत एक जुनं लुगडं, सुतळी आणि दोन खिळे घेऊन निघत. दुकानात गेल्यावर गिटारीला हात लावायचा नाही. आधी दुकानदाराला विचारायचं, आतली खोली आहे का, तिला पडदा आहे का. पडदा नसला की लुगडं बाहेर निघे. मग दुकानदारानं पडद्याआड बसून, गिटारीची वायर कुठंही न खोचता, नुसत्या अंगठ्यानं जाड तार छेडायची. आणि मधूभाऊ बाहेर स्टुलावर पाठ करून, डोळे मिटून बसणार. पाच-दहा मिनिटांनी उठून म्हणणार, "नाई गा, हे भरल्या पोटाची हाये." लुगड्याची घडी, दुकानदाराला नमस्कार आणि चालू लागणार.

सीताबर्डीवरच्या एका दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुमचे हे गृहस्थ गिटार घ्यायला येतात की सोयरीक जुळवायला. मी सेक्रेटरी असल्यामुळे असली बोलणी मलाच खावी लागत.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचा. कोराडीच्या पॉवर हाऊसमधल्या आम्हा आठ-दहा कर्मचाऱ्यांनी तो हौसेनं काढला होता. दिवसा मी ऑफिसात लोकांच्या रजेचे अर्ज लावायचो, संध्याकाळी अकॉर्डियन वाजवायचो, आणि दोन्ही कामं मी सारख्याच कडकपणे करतो असा माझा समज होता. मधूभाऊ टर्बाइनवर ऑपरेटर. ऑर्केस्ट्रात ते बेस गिटार वाजवत. ही चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या तळाशी जी धुम-धुम चालते ती हिची. वाजत असते तेव्हा तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि थांबली की काय कमी झालं तेही लोकांना सांगता येत नाही. मधूभाऊही तसेच होते.

ते तांडापेठेत राहायचे. घर विणकरांचं. वडील जन्मभर हातमागावर बसले. ते वारल्यावर मधूभाऊंनी माग विकला, कारण त्यांना स्वतःला सरकारी नोकरी लागली होती. घरी आई आणि बायको. याहून जास्त आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नव्हतं.

आमची जुनी बेस गिटार पूर्ण पोकळ होती. कुठल्याशा साध्या गिटारीला जाड तारा लावून ती तयार केलेली. खोलीत गोड वाजायची, पण स्टेजवर लाउडस्पीकरच्या जवळ आली की जी घुमायला लागायची ती थांबायचीच नाही. जरीपटका वस्तीतल्या गणपतीत पहिल्याच गाण्याला तिनं असा सूर लावला, की मागच्या रांगेतली माणसं भोंगा झाला समजून घड्याळं लावायला लागली. त्या दिवशी मी समितीची बैठक बोलावली. नवी गिटार घ्यायची असं ठरलं आणि वाजवणाऱ्यानंच ती निवडावी, असाही ठराव झाला. तो ठराव मीच मांडला होता, याचा मला पुढं आठ महिने पश्चात्ताप होत राहिला.

मधूभाऊंचं म्हणणं सरळ होतं. पूर्ण पोकळ गिटार स्टेजवर बोंबलते. पूर्ण भरीव असली तर करंटशिवाय मुकी राहते. तेव्हा मधोमध लाकडाचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंनी पोकळ अशी जी मधली जात असते, ती पाहिजे. तिला ते 'अर्धपोटी' म्हणत.

"बिगरकरंटची बोलली पायजे गा," हे त्यांचं पालुपद.

सगळ्या विदर्भाला वीज पुरवणाऱ्या माणसाला वीज न लागणारी विजेची गिटार हवी होती. मी हे तोंडावर म्हणून दाखवलं. ते हसले आणि डबा खायला लागले.

बाहेरची गिटार तेव्हा सहज मिळत नसे. आपल्याकडे कलकत्त्याला बनायच्या त्या बहुतेक भरीव. पण नागपूरवरून सगळ्या देशाच्या गाड्या जातात, हे मधूभाऊंनी मनावर घेतलं. कलकत्त्याची एखादी वाजवणाऱ्यांची पार्टी मुंबईला निघाली आहे असं कळलं की हे प्लॅटफॉर्मवर हजर. एकदा मीही बरोबर होतो. गाडी दहा मिनिटं थांबणार. मधूभाऊंनी दोन हमालांना लुगड्याची टोकं धरून उभं केलं, त्यामागं एका लांब केसांच्या बंगाली तरुणाला गिटार घेऊन बसवलं, आणि स्वतः वजनाच्या मशीनकडं तोंड करून उभे राहिले. भोवती ही गर्दी जमली. कोणीतरी मला विचारलं, आत बाई बाळंत होऊन राहिली काय. मी ओळख न दाखवता पुस्तकांच्या स्टॉलवर जाऊन उभा राहिलो.

अखेर त्यांना हवी ती गिटार अजनीच्या रेल्वे कॉलनीत सापडली. तिथं रॉबिन्स नावाचे एक वृद्ध अँग्लो-इंडियन गृहस्थ राहत. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, एकटे. त्यांच्या भावानं परदेशातून आणलेली अर्धपोटी बेस गिटार त्यांच्याकडं होती. तपकिरी रंग, सारंगीवाल्यानं हातानं घासावं तसं गुळगुळीत अंग, वर दोन वाकडी भोकं. रॉबिन्स साहेबांनी काहीही न विचारता पडद्याआड जाऊन ती अर्धा तास वाजवली. मधूभाऊ उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी म्हटलं, झालं एकदाचं. पण नाही. साहेब मुलीकडं ऑस्ट्रेलियाला जायचे होते. कागद आले की जाताना गिटार देणार, तोवर रविवारी त्यांना स्वतःला वाजवायला हवी होती. मधूभाऊंनी लगेच मान डोलावली. ज्याची वस्तू आहे त्याचं मन भरू द्यावं, असं म्हणाले.

कागद काही येईनात. तिकडं आमचं वार्षिक संमेलन तोंडावर आलं. मोठे साहेब सहकुटुंब येणार होते. मी एक दिवस तिरीमिरीत सीताबर्डीवर गेलो आणि एक लाल, चकचकीत, भरीव गिटार पसंत करून आलो. पैसे थोडे कमी पडत होते, म्हणून जुनी पोकळ गिटार बदल्यात द्यायचं कबूल केलं. ती मधूभाऊंच्या घरी असायची. मी ती आणायला सांगितली.

ते घेऊन आले. गिटार मुलासारखी छातीशी धरलेली. "हे देनंच हाये काय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, समितीचा ठराव आहे. त्यांनी ती माझ्या हातात दिली, लाल गिटार घेतली, वायर न लावता एकदा तार छेडली. काहीच ऐकू आलं नाही. मग ते बसस्टॉपकडं निघून गेले. मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण संमेलनाची पत्रिका छापायची होती.

संमेलनात त्यांनी अप्रतिम वाजवलं. मोठ्या साहेबांच्या पत्नींनी लाल रंगाचं कौतुक केलं. त्यानंतर मात्र मधूभाऊ तालमीला येईनासे झाले. आले तरी घड्याळ बघत. अंगानं उतरले. मी टोमणे मारले, ते ऐकून घेत. असे अडीच महिने गेले असतील, आणि एका सकाळी माझ्या टेबलावर त्यांचा अर्ज आला: 'माझे वडील वारल्यामुळे तीन दिवसांची रजा मिळावी.'

मी जुनी फाइल काढली. चार वर्षांपूर्वीचा तसाच अर्ज तिच्यात होता, त्याच अक्षरातला. एका माणसाचे वडील दोनदा वारले तर काय करायचं हे नियमांच्या पुस्तकात कुठंच नव्हतं. मोठे बाबू हसले आणि म्हणाले, तुझ्याच ऑर्केस्ट्रातला माणूस आहे, तूच छडा लाव. मी रागातच तांडापेठेला गेलो. तालमीला दांड्या, वर ऑफिसला फसवणूक. त्यांना काय काय बोलायचं ते मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं.

मधूभाऊ ओट्यावर बसले होते. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला. मागं दार उघडं होतं, आत आईची पाठ दिसत होती. हातात बांगडी नव्हती. मी जुळवलेलं सगळं विसरलो.

त्यांनी मला शेजारी बसवलं आणि हळूहळू सांगितलं. वडील गेले, माग विकला, आणि त्यानंतर वर्षभरात आईचं मन मागं मागं जायला लागलं. नवरा गेल्याचं ती विसरली. पुन्हा कुंकू लावू लागली, बांगड्या मागू लागली. आळीतल्या बायकांनी नावं ठेवली, पण मधूभाऊंनी बायकोला सांगितलं, मागते ते दे. जन्मभर ती आतल्या खोलीत चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि बाहेरच्या खोलीत नवरा मागावर बसायचा, मध्ये लुगड्याचा पडदा. मागाचा आवाज चालू, तोवर तिचं चित्त ठिकाणावर. आवाज थांबला की ती उठून ताट वाढायची, आणि नवरा जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही. आता आवाजच नाही, म्हणून ती दारात जाऊन वाट पाहत बसायची, उपाशी.

एकदा मधूभाऊ बाहेरच्या खोलीत जुन्या गिटारीवर सराव करत होते. अंगठ्यानं तार, तळव्यानं लाकूड. आत चरखा फिरायला लागल्याचं त्यांना ऐकू आलं. आई सुनेला म्हणत होती, "बसले वाटते." त्यांनी हात थांबवला तसं तिनं ताट वाढलं. मधूभाऊ डोक्यावरून पंचा घेऊन, मान खाली घालून जेवले. मग ती जेवली. त्यानंतर तीन वर्षं, ड्यूटीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, हेच.

"पंचा काढला का मी पावना," मधूभाऊ म्हणाले. "बसा म्हने, ते येतेतच. मधू म्हनून तिनं मले वळखलंच नाई कधी."

म्हणजे ते लुगडं त्या पडद्याचं होतं. पडद्याआडून, करंटशिवाय, माग वाटेल असं लाकूड ते शोधत होते, आणि स्टेजवर आमची फजिती होऊ नये हेही सांभाळत होते. मी मात्र ठराव करून त्यांच्या हातातली गिटार काढून घेतली. मी विचारलं, सांगितलं काहून नाही. ते म्हणाले, मिटिंगमध्ये सांगण्यासारखं होतं काय ते.

लाल गिटार घरात मुकीच होती. जुनी परत घ्यायला ते दुकानात गेले, तर नरखेडकडच्या कुणा संत्र्यांच्या बागवाल्यानं ती नेली होती. एक साधी गिटार मागून आणली, तर आई म्हणाली, हा आपला माग नव्हे. अजनीला गेले, तर रॉबिन्स साहेब बहिणीकडं बाहेरगावी गेलेले, घराला कुलूप. आई रोज दारात बसायची. सून चार घास बळेच भरवायची.

आणि मागच्या सोमवारी ती सकाळी उठली, उंबऱ्यावर बसून एकेक करून बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. इतके दिवस माग वाजला नाही, त्याचा अर्थ तिनं आपला आपण लावला होता. मधूभाऊ धावत बाहेर आले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"मधू, तुहे बाबा गेले ना. तुले कोनी सांगतलंच नाई?" ती म्हणाली. "टक्कल काहून नाई केलं मंग?"

तेव्हा ते न्हाव्याकडं गेले आणि ऑफिसला अर्ज पाठवला. खोटं त्यात काय होतं, मला सांगता आलं नाही. जुन्या नोंदीत माझ्याकडून घोळ झाल्याचं मी दुसऱ्या दिवशी लिहून दिलं आणि रजा मंजूर करून घेतली.

त्या दुपारी मात्र मी ओट्यावर बसूनच होतो. माझ्या हातून त्या बाईचा नवरा दुसऱ्यांदा गेला होता, असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. रॉबिन्स साहेब परत आल्याचा निरोप आदल्या दिवशीच आला होता. ते मी घाईघाईनं सांगितलं. म्हटलं, मधूभाऊ, ती अर्धपोटी मी उद्या आणतो, पैशांचं मी बघतो.

"राहू दे गा वसंता," ते म्हणाले. "आता कोन्तीबी चालते."

आठ महिने ज्यांनी मला छळलं त्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं. तेवढ्यात आतून आईची हाक आली. मधू, जेवाले ये.

मधूभाऊ हलले नाहीत. टर्बाइनवर राहून माणसाचे कान जातात. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून म्हटलं, आई बोलावतात. त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला.

"थांब जरासा," ते म्हणाले. "अजून एकडाव बोलावू दे."