सोळावी सही

शुक्रवारी दुपारी तीन वाजता स्टोअरकीपरच्या नो ड्यूजच्या कागदावर पंधरा सह्या झाल्या होत्या आणि एकच राहिली होती. पंपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढून तो आता एका इस्पितळाच्या स्टोअरमध्ये जाणार होता. सोमवारी सकाळी दहाला, इथलं रिलीव्हिंग लेटर घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा निवडयादीतल्या दुसऱ्या माणसाला. इस्पितळ घरापासून दहा मिनिटांवर होतं आणि तिथलं स्टोअर तळमजल्यावर. त्याच्या गुडघ्यांनी तर त्याच्या आधीच राजीनामा दिला होता.

त्यानं सगळं रीतसर केलं होतं. महिनाभर आधी नोटीस दिली, नट-बोल्टांपासून पट्ट्यांपर्यंत याद्या केल्या, कोणाशी वाकडं बोलला नाही. "लोण्यातून सुरी जावी तसा निघतो बघ," असं तो बायकोला दोनदा म्हणाला होता.

"कागद हातात पडू दे आधी," बायको म्हणाली होती. "मग सुरी काढा."

सोळावी सही कोणाची हे बघायला त्यानं चष्मा लावला. 'स्टोअरकीपर' असं छापलं होतं. या माणसाकडे कारखान्याची एकही वस्तू राहिलेली नाही, असं स्टोअरकीपरनं लिहून द्यायचं. तो हसला, सही ठोकली आणि कागद आस्थापनेच्या साहेबांपुढे ठेवला.

साहेब नियमाला पक्के. त्यांनी सही पाहिली, मग माणूस पाहिला.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"आणि जाणारा कोण?"

"मीच."

"म्हणजे तुम्ही काही उचललं नाही, हे तुम्हीच सांगताय!"

"साहेब, एकोणीस वर्षं सगळ्यांच्या कागदावर मीच सही करतोय!"

"सगळ्यांच्या करा हो. स्वतःच्या नाही चालत. नव्या स्टोअरकीपरची आणा."

"नवा आहेच कुठं? तुम्ही नेमलाच नाहीत."

"जागा रिकामी झाल्याशिवाय कसा नेमणार? तुम्ही सुटलात की जागा रिकामी."

"आणि मी कधी सुटणार?"

"ही सही झाली की," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

स्टोअरकीपर मटकन खाली बसला. त्याला इस्पितळाचा तळमजला दिसत होता आणि त्यात बसलेला यादीतला दुसरा माणूसही दिसत होता. कोपऱ्यातल्या टायपिस्टबाईंना त्याची दया आली.

"साहेब, प्रभारी नेमा की. प्रभारीला कुठं रिकामी जागा लागते?"

साहेबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "प्रभारीला स्टोअरचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. असा माणूस आहे कोण आपल्याकडे?"

तिघांनी मिळून कामगारांची यादी वरून खालपर्यंत वाचली. असा माणूस एकच होता आणि तो त्यांच्याबरोबर यादी वाचत होता.

"प्रभारी दुसराच माणूस हवा, असं नियमात आहे का?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी नियम दोनदा वाचला. तसं नव्हतं. दहा मिनिटांत आदेश टाइप झाला. एरवी त्या कामाला आठवडा लागायचा.

चार्ज द्यायला तिघं स्टोअरमध्ये गेले. "देताना टेबलाच्या अलीकडे उभे राहा, घेताना पलीकडे," साहेब म्हणाले. स्टोअरकीपरनं अलीकडून यादी दिली आणि पलीकडे जाऊन मोजायला लागला. इथेच घोटाळा झाला. न मोजता त्यानं आयुष्यात काही ताब्यात घेतलं नव्हतं, आणि आता एक पाना कमी भरत होता.

"राहू द्या हो एक पाना," बाई म्हणाल्या.

"असं कसं? उद्या माझ्या अंगावर आलं म्हणजे?" प्रभारी म्हणाला.

मग तोच घाईनं अलीकडे आला, कपाटं उपसली, घामाघूम झाला. शेवटी पाना खिडकीच्या फटीत सापडला. खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यानंच तो तिथं अडकवला होता. पलीकडे जाऊन त्यानं प्रभारी म्हणून सोळावी सही केली. सहाला पाच मिनिटं कमी असताना रिलीव्हिंग लेटर हातात पडलं.

"प्रभारींना म्हणावं, सोमवारी वेळेवर या," साहेब म्हणाले.

स्टोअरकीपरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गुडघे विसरून जिना उतरला.

सोमवारी पावणेदहालाच तो इस्पितळात हजर झाला. मंगळवारी दुपारी साहेबांचा फोन आला.

"नव्या ठिकाणी रुळलात ना? एक विचारायचं होतं. तुम्ही ज्यांना चार्ज दिलात ना, ते दोन दिवस आलेच नाहीत. ना चिठ्ठी, ना चपाटी. काढायचं म्हटलं तर आधीच्या माणसाचं मत घ्यावं लागतं. कसा आहे हो माणूस?"

स्टोअरकीपरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. चांगलं सांगावं तर बोलावणं येणार. वाईट सांगावं तर एकोणीस वर्षांवर आपल्याच हातानं पाणी फिरवल्यासारखं होणार. त्याला खरंच वाईट वाटलं.

"कामाला चोख आहे साहेब," तो हळूच म्हणाला. "पण मन उडालंय त्याचं. तो नाही यायचा आता. काढून टाका."

"लेखी द्याल?"

"देतो."

"मला वाटलंच होतं," साहेबांनी सुस्कारा सोडला. "तुमच्यानंतर तुमच्यासारखा माणूस कुठला मिळायला!"