पुंडलिकभाऊंची टाकी

पुंडलिकभाऊंच्या कोटाच्या खिशात कायम कपडे धुण्याच्या साबणाची वडी असे, आणि कपडे मात्र आमच्या अख्ख्या गल्लीत त्यांचेच सर्वांत मळके असत. एखादा नवखा या कोड्यात पडला की भाऊ त्याला हाताला धरून अंगणात नेत, आपल्या फटफटीपाशी उकिडवे बसत आणि पेट्रोलच्या टाकीच्या पोटाला बोट लावून म्हणत, "हे पाहा. साबन इथं लागते. कपड्याचं काय, ते घामानंबी धुतल्या जातात."

टाकी गंजून तिला बारीक भोकं पडली होती. साबण पेट्रोलात विरघळत नाही, म्हणून भोकांवर तो चोळून बसवला की गळती थांबते. निदान पुढच्या गावापर्यंत तरी. पुढच्या गावी भाऊ पुन्हा वडी काढत.

हिंगणघाटला आमची घरं एका भिंतीची. मी शाळेत मास्तर आणि ते देवीची लस टोचणारे सरकारी माणूस. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत आणि ते कुणाची चूक दुरुस्त करीत नसत. फटफटी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. तिने लढाईत काय पाहिलं असेल ते असो, पण आमच्या तालुक्यातले रस्ते पाहून ती खचली असं माझं मत आहे.

भाऊंना घाई फार. "हात चालवा, हात!" हे त्यांचं पालुपद. न्हाव्यासमोर गालाला फेस लावून बसले की हेच, पंगतीत वाढप्याला हेच. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा भटजींनाही त्यांनी हेच ऐकवलं, आणि एकदा तर तिरडी बांधणाऱ्यांनासुद्धा. तिथे कुणी हसलं नाही, पण हात मात्र खरोखरच चालायला लागले.

अशा माणसाच्या नशिबी मुलं धरण्याचं काम यावं! फटफटीचा आवाज शिवेवर आला की गावातली पोरं कपाशीत दडत, कणगीत उतरत. आंजी गावी एका म्हातारीने नातवाला टोपल्याखाली झाकलं आणि स्वतः वर हात ठेवून बसली. भाऊ समोर जाऊन म्हणाले, "बुढ्ये, तुवं टोपलं रडून राह्यलं." टोचून झालं की ते दुसऱ्या खिशातून बत्तासा काढत. पोर काही त्यांच्या हातून घेत नसे. मग ते तो आईच्या हातावर ठेवत आणि तोंड फिरवून फटफटीला लाथ मारत. हे मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो तेव्हा पाहिलं, आणि ते तोंड फिरवणं मला बघवलं नाही.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. होतं, आणि नव्हतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी वैनींना दिवस गेले तेव्हा भाऊंना आनंदाने राहवेना. मूल जन्मल्याशिवाय पाळणा घरात आणू नये, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण भाऊ पडले लसवाले. "हे सारं अडानीपन हाय," म्हणाले, आणि बाजारातून रंगीत लाकडी पाळणा विकत घेऊन, सुटा करून, याच टाकीवर पुढ्यात धरून वाजतगाजत घरी आले. सगळ्या गल्लीने पाहिला. मुलगी झाली, आणि पाचवी पुजायच्या आत गेली.

पाळणा माळ्यावर गेला. भाऊंची आई जिवंत होती तोवर रोज बोलली. वैनी एक अक्षर कधी बोलल्या नाहीत. आमच्या घरातली म्हणते, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पाळण्यासाठी आढ्याला ठोकलेली कडी तेवढी तिथेच राहिली, आणि भाऊ त्या खोलीत जाताना वर पाहत नसत.

त्या हिवाळ्यात टाकी साबणालाही दाद देईना. पावसाळाभर ती रिकामी पडून होती. आत गंजाच्या खपल्या धरल्या, त्या नळीत अडकायच्या आणि फटफटी वडनेरच्या रस्त्यावर मध्येच गप्प व्हायची. आणि नेमकी वडनेरकडूनच बातमी आली, की तिकडे देवीची लागण झाली आहे. लस आली होती, माणूस तयार होता, टाकी आडवी आली.

नागपूरच्या भंगारबाजारात त्या जातीची टाकी मिळेना. डबे झाळणारा गणपत भट्टीजवळ टाकी येऊ देईना. "भाऊ, पेट्रोलची टाकी अन् माह्या विस्तवाजोळ? मले चार लेकरं हायेत," म्हणाला. "आंदी आतला गंज काढा, पान्यानं धुवा, मंग भोकं झाळून देतो." गंज काढायची युक्तीही त्यानेच सांगितली. वेणा नदीच्या पात्रातले बारीक गोटे टाकीत घालायचे, वर चिंचेचं आंबट पाणी ओतायचं, तोंड बंद करायचं आणि हलवायचं. हलवतच राहायचं.

रविवारी सकाळी भाऊ अंगणात टाकी खांद्यावर घेऊन लेझीम खेळल्यासारखे हलवू लागले. आत गोट्यांचा असा खडखडाट, की गल्लीतली म्हशीची दोन रेडकं दावं तोडून पळाली. थोड्या वेळाने टाकी माझ्या हातात आली. मी व्याकरण शिकवणारा माणूस. माझे दंड भरून आले, तरी भाऊ समोर उभे राहून, "मास्तर, हात चालवा, हात!" पाणी ओतून पाहिलं तर जेमतेम लाल. दुपार झाली तशी भाऊंच्या कमरेत उसण भरली. ते टाकी मांडीवर घेऊन ओट्यावर भिंतीला टेकून बसले. वडनेरच्या पोरांची काळजी त्यांच्या तोंडावर दिसत होती.

वैनी दारात सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आत गेल्या. शिडी सरकवल्याचा आवाज आला. भाऊंनी मान वर केली. शिडीवर चढणारी पावलं ऐकू आली तेव्हा ते कमर विसरून उभे राहिले, पण आत गेले नाहीत.

बऱ्याच वेळाने वैनी दाराशी आल्या. पदरावर जळमटं होती. "आना इकडं ते टाकी," म्हणाल्या. "किती वेळ अशी खांद्यावर नाचवान?"

आत कडीला पाळणा टांगला होता. रंग अजून तसाच होता. एकदाही न वापरलेल्या वस्तूचा रंग कशाला जातो? त्यात वैनींनी जुन्या लुगड्याची घडी घातली होती. भाऊ टाकी घेऊन उंबऱ्यावर थबकले. मी त्यांच्या मागेच होतो; मलाही निघून जावंसं वाटलं.

"अवं, हे..." भाऊ म्हणाले. "हे काऊन काढलं तुनं? मी आनतो दुसरं काही."

"ठेवा," वैनी म्हणाल्या. "लाकूडच हाय ते. लाकडानं कोनाचं काय केलं?"

इतक्या वर्षांत त्या विषयावर त्या एवढंच बोलल्या. भाऊंनी टाकी पाळण्यात ठेवली. ठेवताना खालून दोन्ही हात लावले. फटफटीला लाथा घालणारा माणूस, त्याला असे हात लावता येतात हे मला माहीत नव्हतं. वैनींनी लुगड्याचं टोक वरून घेऊन टाकी गुंडाळली.

मग भाऊंनी दोरी धरली आणि कामाला लागलेच. हिसक्यावर हिसके, आत गोटे धडाधडा, आढं करकरायला लागलं.

"अवो, हळू!" वैनी एकदम म्हणाल्या. "पाळना असा हालवते का कोनी?"

त्यांनी दोरी त्यांच्या हातातून घेतली, खाली बसल्या आणि झोका दिला. सावकाश. गोटे या कडेकडून त्या कडेला घरंगळत गेले, परत आले. आवाज इतका कमी, की बाहेर चिमण्या ऐकू येत होत्या. या वेगाने वर्षभर हलवलं असतं तरी गंजाची खपली सुटली नसती. हे मला कळत होतं, आणि भाऊंना तर माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं. आता "हात चालवा" येणार म्हणून मी वाट पाहिली.

भाऊंनी तोंड मिटलं. खिशातली साबणाची वडी काढली, कोनाड्यात ठेवली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मास्तर, तुमची सायकल देजा मले. वडनेरले जाऊन येतो."

त्या उसण भरलेल्या कमरेने ते खरंच गेले. दुसऱ्या दिवशी, मी शाळेतून आलो तेव्हा, अंगणात सायकल धुऊन पुसून उभी होती आणि भाऊ ओट्यावर होते. खुशीत दिसले. "आवाजच नाई ना मास्तर! पोराइले समजलंच नाई कोन आलं ते. एका लेकरानं तं बत्तासा माह्या हातून खाल्ला." आपला तळहात त्यांनी मला दाखवला, जणू त्यावर अजून काही होतं.

आत पाळण्याची कडी वाजत होती, तशीच सावकाश.

"आणि टाकी?" मी विचारलं. "गंज निघाला का?"

भाऊंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"निघन हळूहळू," म्हणाले. "घाई कायची हाय?"