शेकडा गुरुजींचं शंभर घरांचं गाव

किसना आणि विठोबा या दोन सख्ख्या भावांची होत आलेली वाटणी शेकडा गुरुजींनी मोडली. भावाभावांचं प्रेमबिम काही नाही हो! वेगळी चूल मांडली असती तर गावात एकशेएक घरं झाली असती. "एकशेएकाचा शेकडा काढू कसा मी? अपूर्णांक येते नं बाप्पा!" म्हणत ते आठ दिवस त्यांच्या ओट्यासमोर येरझारा घालत राहिले. शेवटी भाऊच कंटाळले आणि एकत्र राहिले.

आमचं गाव जऊळक्याच्या अलीकडचं, बरोब्बर शंभर घरांचं. गुरुजी परगावचे. शाळेवर आले, तिथूनच पेन्शनीत निघाले आणि आमच्या शेजारच्या कुडाच्या घरात एकटेच राहिले. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. धोतराचा सोगा हातात, पाटी काखेत आणि तोंडी एकच, "ते ठीक हाय. पण दोन्हीतले किती?"

एकदा त्यांनी घरोघर विचारून काढलं, की शंभर कारभाऱ्यांपैकी सत्तर तंबाखू खातात आणि चाळीस विडी ओढतात. "एकशेदहा झाले! म्हंजे कमीत कमी दहा जण दोन्ही करून राह्यले. कोण हायेत ते?" नऊ सापडले. दहाव्याच्या शोधात ते भरदुपारी थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आले, आणि बाबांची चोरटी विडी आईला कळली. बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पण ताईचं लग्न ठरलं तेव्हा पहिले त्यांच्याकडे धावले ते बाबाच. नवरा मुलगा गावातल्याच आत्याचा. दोन्ही घरांचं जेवण एकच, पण आवतणं मात्र ज्यानं त्यानं आपापली द्यायची. आमच्याकडे चूलबंद आवतण असतं. ज्या घराला दिलं, त्या घरानं त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. त्यात लढाईचे दिवस, साखर डोळ्यांना दिसेना. दोन्ही याद्यांत असलेल्यांसाठी दोनदा रांधलं तर बाबा बुडणार, आणि एखादं घर सुटलं तर अब्रू जाणार. "गुरुजी, आता तुमीच वाचवा," बाबा हात जोडून म्हणाले.

गुरुजींनी दोन्ही याद्या घेतल्या आणि दोन दिवस अंगणात नुसत्या फेऱ्या मारल्या. मग आले. "तुमचे बासष्ट, आत्याबाईचे पंचावन. दोन्हीतले अठरा वजा करा. नव्व्याण्णव घरांचं रांधा."

"अन् शंभरावं?" मी विचारलं.

"एखादं राह्यतेच दोन्हीच्या बाहेर," म्हणत त्यांनी पाटी पुसली आणि निघून गेले. मलाही शंभर कामं होती, मी पुढं विचारलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

लग्नाच्या दिवशी मांडवाची दोरी सुटली म्हणून मी माळवदावर चढलो. मांडवामागच्या चुली सोडल्या तर साऱ्या गावात कुठं धूर नव्हता. फक्त शेजारच्या, गुरुजींच्या छपरातून निघत होता.

शंभरावं घर ते होतं. आम्हाला वाटलं, आत्यानं सांगितलं असेल. आत्याला वाटलं, शेजार आमचा, म्हणजे आम्हीच सांगितलं असेल. मी खाली उतरलो आणि मांडवातून आत्याला हाताला धरून ओढतच नेलं.

गुरुजी चुलीपुढे भाकर थापत होते. बसून.

"गुरुजी, सांगतलं काहून नाही?" मी ओरडलोच.

"यादी माह्या हाती होती, बाबू. आपलंच नाव आपण कसं लिहावं?"

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "आमच्याकडून चूलबंद हाये, गुरुजी."

"आमच्याकडूनबी," मी म्हणालो.

गुरुजींनी तव्यावरची भाकर अर्धीकच्ची खाली उतरवली, तांब्याभर पाणी चुलीत ओतलं आणि उठून पिठाच्या हातानंच पाटी शोधू लागले.

"तुमचे त्रेसष्ट," त्यांनी पाटीवर आकडा काढला, "त्यायचे छप्पन. अन् दोन्हीतले..." ते थांबले. आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दोन्हीतले एकोणीस. भरले नं बाप्पा शंभर!"