धर्मा पाणी सोडतो

माहितीपुस्तिका कोणी वाचत नाही, असं धनेशचं ठाम मत होतं. त्या लिहूनच तो पोट भरत असल्यामुळे त्याचा शब्द खोटा पाडायला कोणी पुढे येत नसे. लोक आधी यंत्र बिघडवतात, मग फोन करतात, पुस्तिका खोक्यातच राहते. म्हणून कंपनीने एका नव्या साधनाच्या पुस्तिकेचं काम दिलं तेव्हा फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून त्याने ते डाव्या हाताने उरकलं.

साधन मात्र नामी होतं. एआय एजंटने इथून आदेश द्यायचा आणि तो दूरच्या कॉम्प्युटरवर पाळला जायचा. एजंट म्हणजे न कंटाळणारा, सांगितलं ते मुकाट करणारा कारकूनच. उदाहरणासाठी एक कॉम्प्युटर हवा होता, तर धनेशने वटार गावी आईच्या घरी मागच्या खोलीत पडलेला जुना जोडला. वाडीचा पंप त्यावरूनच चालायचा. आईच्या गुडघ्यांसाठी ती सोय त्यानेच करून दिली होती. पंप सुरू करायचा आणि मग आवाज वाजवायचा, असं दोन ओळींचं उदाहरण झालं. आवाज म्हणून त्याने हाताशी होता तो घेतला. वडील धर्मा यांनी वारण्याआधी स्वतःच्या आवाजात त्याच्या फोनवर पाठवलेला निरोप: "पानी सोडलंय. जेवन झालं का?"

आई हळदीला गेली होती तेव्हा एकदा चालवून पाहिलं, चाललं. मग त्या कॉम्प्युटरच्या पत्त्यासकट, पासवर्डसकट ते पुस्तिकेत चिकटवलं आणि वर लिहिलं, 'काम सुरू करण्याआधी हे चालवून खात्री करा.' वाचतंय कोण?

सोमवारी संध्याकाळी आईचा फोन आला. पुतळाबाई एरवी फोनवर अशी बोलते की फोनची गरजच नाही. त्या दिवशी मात्र ती हळू बोलत होती.

"तुझा बापूस आलाय."

"काय?"

"पानी सोडतायत. मी पंप बंद केला, परत सोडलं. येतोस का?"

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आई एकटी राहून भ्रमिष्ट झाली की काय, आणि आपण फुलपाड्यात बसून पुस्तिका लिहीत राहिलो. धनेशने लॅपटॉप बंद केला आणि स्कूटर काढली.

वटारला पोचला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. वारा पडला होता, केळीचं पान हलत नव्हतं. केळींच्या बुडाशी तळं साचलं होतं आणि त्यात अजून पाणी येत होतं. कुंपणापाशी शेजारचा बर्नार्ड चर्चमधल्या आशीर्वादित पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"सकाळपासून बोलतोय धर्मा," तो कुजबुजला. "मी शिंपडायला आत गेलो, तर मलाच जेवन झालं का विचारलं. परत गेलो, परत विचारलं. आता नाय जात बाबा."

घरात दिवा लागला नव्हता. मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्या बंद दारामागून बाबांचा आवाज आला, शेवटच्या दिवसांतल्या खोकल्यासकट. "पानी सोडलंय. जेवन झालं का?"

स्वयंपाकघरातून आईने मागे न वळता उत्तर दिलं, "झालं. तुमचं?"

आणि ती थांबली, कोणी बोलेल म्हणून थांबतात तशी. तिच्यापुढे दोन ताटं वाढलेली होती. लॅपटॉप तर बंद करून आलो, मग हे कोण चालवतंय? धनेशला आईला हाक मारायचीही भीती वाटली.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्याच्या वरिष्ठ ऋतिका मॅडमचा निरोप होता: 'सकाळपासून सगळ्या एजंटना तुझी पुस्तिका दिली आहे. शब्दन् शब्द वाचून तसंच करतात. शाब्बास!'

म्हणजे प्रत्येक एजंट काम सुरू करण्याआधी इथला पंप आणि बाबांचा आवाज चालवून खात्री करत होता. बाबांना दुसऱ्यांदा मारतोय असं वाटत असतानाच धनेशने आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे पंपाचा फ्यूज काढून त्याच्या हातात ठेवला.

"मशीन आहे ते मला केव्हाच कळलं."

"कसं?"

"उभ्या जन्मात त्या मानसाने मला जेवन झालं का विचारलं नाय. तुला फोन करून विचारायचे, मी बाजूला उपाशी बसलेली. आता विचारतंय कोनी, तर उत्तर द्यायला काय जातं?"

"मग बापूस आला असं का सांगितलंस?"

"पंप बिघडला सांगितलं की तू म्हनतोस, रविवारी बघतो." तिने ताट पुढे सरकवलं. "हे तुझं आहे. बस."

धनेश खाली मान घालून जेवला. घरी येऊन त्याने पुस्तिकेतली पंपाची ओळ काढली. आवाजाची ओळ आईने काढू दिली नाही.

आठवडा गेला नाही तोच तिचा फोन आला, या वेळी नेहमीच्या आवाजात.

"काढ रे बाबा ते. उभ्या जन्माचं एकदम विचारतोय, कान किटले. गप होता तेच बरं होतं."

धनेशने 'रविवारी बघतो' म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.