एकतीस हात रंग आणि सात दुपारींची मोहीम

श्रीकुलस्वामिनी साक्ष. पाळणा हलता राहो, पाते झळकत राहो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध द्वितीया, ते दिवशी राज्यात नवल वर्तले ते ऐसे.

राज्य म्हणजे अडीच खोल्या आणि वर गच्ची. सिंहासनी श्रीमंत हिंदुराव आबासाहेब, मर्जी कडक, राजमाता शालनबाई, आणि सूनबाई केतकीबाईसाहेब, कडेवर नऊ मासांची युवराज्ञी. बाईसाहेबांचे यजमान परमुलखी नोकरीवर. देव्हाऱ्यावरी वडिलोपार्जित तलवार टांगलेली, तिजला दर खंडेनवमीच्या शस्त्रपूजेआधी आबासाहेब खासा चंदेरी ऑइलपेंटचा एक हात देत. ऐसे एकतीस हात जाहले आणि तलवार पत्र्याच्या ट्रंकेसारखी दिसो लागली, आणि हाच कुळाचार म्हणवला. मग त्या वर्षी आबासाहेब डबा उघडतात तो बाईसाहेबांनी अर्ज केला की, "आबा, यंदा रंग नको. पोरीनं पहिल्या पूजेला तलवार बघावी, डबा नव्हे. मी पातं उघडं करते." आबासाहेब दचकले आणि बोलिले, "आत निव्वळ गंज आहे. रंगानं धरलंय म्हणून तलवार म्हणायची!" शालनबाई वदल्या, "लंगोट वाळवायला दुपार पुरत नाही, आणि ही निघाली तलवारीवर!" बाईसाहेब म्हणाल्या, "नवमीला पातं चमकलं नाही, तर पुन्हा कधी तलवारीला हात लावणार नाही." पैज ठरली.

मग युवराज्ञी दुपारी निद्रिस्त होताच बाईसाहेब गच्चीवर कूच करीत, आणि नाकास फडके, हाती रबरी मोजे, मुठीस जुने लंगोट गुंडाळून रंग काढायचे औषध ब्रशाने लावीत, आणि रंग तापल्या दुधावरल्या सायीसारखा सुरकुते, मग लाकडी उलथन्याने हलकेच उचलीत. पाळण्यातून हाक आली की मोहीम जागच्या जागी थांबे, आणि हात साबणाने तीनदा धुवून लेकीस पाजीत, तिच्या केसांचा वास घेत, की औषधाचा वास तर नाही लागला. ऐसे होता होता षष्ठीस उलथने लागले आणि धारेतून करडा खडा उडाला, आणि पाहतात तो हरभऱ्याएवढी खांड! बाईसाहेबांच्या पायांखालची गच्ची सरकली. लपविण्याचा विचार मनी आला आणि गेला, मग तलवार दोन्ही हातांवर घेऊन खाली उतरल्या आणि आबासाहेबांपुढे ठेविली. "आबा, माझ्या हातून मोडली. काय बोलायचं ते बोला."

आबासाहेबांनी खडा उचलिला, बहुत वेळ पाहिला आणि बोलिले, "ही लांबी आहे, सूनबाई, रंगाआधी खाचा बुजवतात ती. मीच भरलेली." मग वदले ते ऐसे की, लग्नानंतरचे पहिले खंडेनवमीस कोहळा कापता वार फरशीवर बसला, आणि वडिलांच्या धाकाने लांबी भरली, वर रंग मारिला, आणि विचारील त्यास कुळाचार सांगितला. शालनबाई उसळल्या, "म्हणजे एकतीस वर्षं मी तुमच्या लांबीला हळदकुंकू वाहिलं?" आबासाहेब खाली पाहून म्हणाले, "तुलाच रुबाब दाखवायला गेलो होतो." तेव्हा राजमाता हसो लागल्या ते पदर तोंडास लाविला तरी आवरेना.

"घासून खांड काढू?" आबासाहेबांनी सुनेस पुसिले. "राहू दे आबा. पोरीला सांगायला गोष्ट हवीच की." मग राज्य एक जाहले. आबासाहेबांनी पाते फळीवर धरिले, शालनबाईंनी पाळणा घेतला, आणि बाईसाहेबांनी पॉलिश पेपर तेलात भिजवून, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ, मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने घासिला. अष्टमीस पोलादातून पाण्याच्या लाटांसारख्या रेघा वर आल्या. गंज म्हणाल तर नखभरही नव्हता.

खंडेनवमीस तलवार पाटावर ठेविली आणि युवराज्ञी मांडीवरून वाकून पात्यातील पोरीस पाहून खदखदा हसली. आबासाहेबांनीही वाकून आपले तोंड पाहिले आणि म्हणाले, "सूनबाई, पुढल्या वर्षीही तूच." फत्ते जाहली.

सारांश, रंगास एकतीस वर्षे लागली, उतरावयास सात दुपारी. उरला डबा गच्चीवरील पाण्याच्या टाकीस दिला. खांड जागेवर आहे.