बिनस्टार्टरची सोयरीक

अख्ख्या सापगावात गाडीतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही! निदान गेल्या माघापर्यंत माझं तरी असंच मत होतं. म्हणून तर गॅरेजवाला मंगळ्या जेव्हा म्हणाला, "ज्ञानेश्वरभाऊ, स्टार्टर गेलाय, बदलून घ्या," तेव्हा मी त्यालाच शिकवलं.

"धक्क्यानं चालू होते ना? मग स्टार्टर काय शोभेला लावायचा?"

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरातली सकाळ धक्क्यानं सुरू व्हायला लागली. मी ऐटीत स्टिअरिंगवर, आणि मागे माझी बायको रेश्मा, धाकटा भाऊ साईनाथ आणि आमची आई सकुबाई. आई एका हातानं पदर सावरायची, एका हातानं ढकलायची.

"बैल बरा होता रे," ती म्हणायची. "हाकलला का चालायचा तरी."

गाडीची आणखी एक बारीकशी खोड होती. नुसती उभी ठेवली की ती आचके द्यायची, आणि कुणी अॅक्सिलरेटरवर पाय दिला नाही तर गप्प व्हायची. पण एवढं तेवढं कुठल्या गाडीत नसतं?

तशात साईनाथच्या लग्नाचं निघालं. पोरगा सोन्यासारखा! आसनगावच्या गोडाऊनला नोकरी, सुट्टीला भातशेती. पण हल्ली आमच्या भागात मुलगा दाखवायचा म्हणजे मुलाच्या घरच्यांनीच घाम पुसायचा. कुणाला कल्याणला फ्लॅट पाहिजे, कुणाला शेत नको, कुणाला सासू नको. एकामागून एक नकार येऊन पोरगा पार कोमेजला होता. मग मुरबाडकडच्या एका गावातून वैष्णवीचं स्थळ आलं. साईनाथनं तिचा फोटो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तो मोबाईलवर वॉलपेपर म्हणून लावला!

"दादा, एवढं जमव रे," तो मला म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"तू बिनघोर राहा! बोलणी माझ्यावर सोड. आणि आपण आपल्या गाडीतनं जायचं. चांगली छाप पडली पाहिजे!"

रेश्मा म्हणाली, "अहो, आणि तिथे बंद पडली तर?"

"बंद पडायला आधी बंद करावी लागते. आपण बंदच करायची नाही!"

या योजनेवर मी इतका खूश होतो की विचारू नका.

वैष्णवीच्या गावी पोचलो. मी बेतानं गाडी रस्त्यावरच्या उताराला लावणार होतो, पण तिचे वडील धाकलूभाऊ हात पसरून पुढे आले. "रस्त्यात कशाला? आत घ्या, आत!" आत म्हणजे थेट खळ्यात. भात झोडून झालेलं, पाहुण्यांसाठी कालच शेणानं सारवलेलं, तव्यासारखं सपाट खळं! मी त्याच्यावर चार चाकांची नक्षी काढली आणि नेमकं गाडीचं ढुंगण ओटीकडे करून उभी केली.

सगळे उतरलो. गाडी आपली घुर्र घुर्र करतेय.

"गाडी चालू राहिलीय तुमची," धाकलूभाऊ म्हणाले.

"मुद्दाम ठेवलीय. एसी चालू असला की आत गार राहते!"

धाकलूभाऊंनी अंगावरची शाल जरा घट्ट केली. "माघाच्या थंडीत?" एवढंच ते म्हणाले. त्यांचा मुलगा अक्षय माझ्याकडे बघत राहिला.

आम्ही ओटीवर बसलो. वैष्णवी पोह्यांच्या बशा घेऊन आली. पोरगी फोटोपेक्षा छान! साईनाथचे कान लाल झाले. मी घसा खाकरून मोठ्या भावाच्या आवाजात विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

तिनं तोंड उघडलं, आणि खळ्यातून गाडीनं आचका दिला! मी साईनाथला डोळ्यांनी खुणावलं. त्याला गाडी चालवता येत नाही, पण पाय दाबता येतो. तो उठला तो थेट बाहेर. वैष्णवीनं नाव सांगून मान वर केली तर समोर रिकामी खुर्ची!

घुर्रर्रर्र! बाहेर गाडी जोरात ओरडली. साईनाथ परत येऊन बसला. मी म्हटलं, "शिक्षण किती?" परत आचका! परत साईनाथ गायब! असं होता होता पोरगीनं शिक्षण, आवड, स्वयंपाक सगळं त्या खुर्चीला सांगितलं.

धाकलूभाऊ माझ्या कानाशी आले. "पावणे, मुलाला काय तरास हाय का?"

आता खरं बोलायची एवढी चांगली संधी देवानं दिली होती! पण माझी जीभ ती.

"छे छे! सकाळपासून पोट जरा बिघडलंय, इतकंच."

हे वैष्णवीच्या आईनं ऐकलं. ती माउली लगबगीनं मूठभर ओवा आणि कढत पाणी घेऊन आली. साईनाथ गाडीला दम देऊन धापा टाकत परत येतो तो समोर ओवा!

"खा बाबा, लाजू नको. होतं असं माणसाला."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी सख्खा भाऊ नसतो तर तिथेच बदडलं असतं मला. मुकाट्यानं ओवा चावला बिचाऱ्यानं, वैष्णवीच्या देखत! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

तेवढ्यात परत आचका. या वेळी साईनाथनं रागानं अॅक्सिलरेटर असा काही दाबला की सायलेन्सरमधून काळा लोट निघाला आणि ओटीवर शिरला. पोहे काळे, धाकलूभाऊंची शाल काळी, आई खोकतेय! आतून एक म्हातारी ओरडली, "पोरगा निघाला वाटतं गो! पसंत नाय वाटतं त्याला!"

वैष्णवीनं ते ऐकलं. तिनं हातातला ट्रे तसाच खाली ठेवला आणि ती आत निघून गेली. रेश्मानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डाग अजून आहे. आता मात्र मला घाम फुटला. माझ्या एका योजनेपायी भावाचं लग्न मोडत होतं!

साईनाथ आत यायला आणि अक्षय उठून बाहेर जायला एकच गाठ पडली. क्षणात गाडीची घुर्रघुर्र थांबली. अक्षय हसत आत आला आणि माझ्या हातात चावी ठेवली.

"घ्या भाऊ. बंद केली. उगाच पेट्रोल जळत होतं."

"बरं केलंत!" मी म्हणालो. आता ती चावी काय चाटायची होती!

आणि मग साईनाथ उठला. सरळ धाकलूभाऊंसमोर उभा राहिला. "काका, माझं पोट ठणठणीत आहे. गाडीला स्टार्टर नाय. बंद पडली तर तुमच्या दारात धक्का मारावा लागेल, म्हणून दादा मला सारखा पळवत होता. मला तुमची मुलगी पसंत आहे. आता काय बोलायचं ते बोला."

आईच पदर खोचत उठली. "चला, ढकला. आमाला सवय हाय."

मी गाडीत बसलो. आईला मी शेजारी बसवलं. मागे साईनाथ, रेश्मा, अक्षय आणि शाल बाजूला ठेवून धाकलूभाऊ. आरशात बघतो तर कमरेला पदर खोचून वैष्णवी! साईनाथच्या बाजूलाच!

"तुमच्या घरी रोज असंच?" तिचा आवाज आला.

"रोज. तुमाला चालेल?"

"चालेल काय, पळेल!" ती हसली, आणि गाडी सुरू झाली!

सुरू झाली ती थांबवायची सोय नव्हती. मी तशीच खळ्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून पार ओढ्याच्या उतारापर्यंत नेली. आई म्हणाली, "आरं, नवरा मुलगा राहिला मागं!" रेश्माही राहिली होती. आम्ही मायलेक उताराला वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं ती दोघं चालत आली, दुसरा चहा पिऊन. साईनाथ एकटाच हसत होता. काय झालं विचारलं तर मला कुणी सांगेना.

दुसऱ्या संध्याकाळी धाकलूभाऊंचा फोन आला. मी स्पीकर लावला. सगळं घर मोबाईलवर ओणवं झालं.

"पावणे, पोरीला मुलगा पसंत हाय."

आईनं देवाला हात जोडले. साईनाथ रडायलाच लागला वेडा!

"पण तिची एक अट हाय."

"समजली!" मी ओरडलो. "उद्याच्या उद्या स्टार्टर बसवतो! नाहीतर गाडीच विकतो!"

"गाडी ऱ्हाऊ द्या वो. गाडी काय खोटं नाय बोलली. साखरपुड्याची बोलणी करायला फकस्त तुमच्या आईला पाठवा. तुमी आलात तरी चालेल, पण धक्का मारायला."