दुसरा कान

पोती उचलायला ठेवलेला माणूस पोत्यावरच बसून राहतो, हे मी फक्त झिपरूभाऊंच्या बाबतीत पाहिलं. धुळ्याच्या दाणाबाजारात आमच्या शेठजींच्या दुकानी ते हमाल, मी दिवाणजी. बाकीचे हमाल क्विंटलचं पोतं एकट्यानं पाठीवर घेत. हे महाशय साक्रीहून आलेल्या बाजरीच्या पोत्यावर मांडी ठोकत, विडी पेटवत आणि विचारत, "दुसरा कान कोन धरी?"

कान म्हणजे पोत्याचा कोपरा. एक कान त्यांचा, दुसरा आणखी कुणाचा. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. पोतं आधी ओट्यावर चढवायचं, मग तिथून पाठीवर. तो कमरेइतका ओटा त्यांनी मोडक्या बैलगाडीच्या फळ्या ठोकून स्वतःच केला होता. बाजार त्याला झिपरूचं सिंहासन म्हणे. एकदा घाईत कुणी मोकळं नव्हतं, तर या गृहस्थानं खुद्द शेठजींना धोतर खोचून दुसरा कान धरायला लावला. मी तोंडाला उपरणं लावून पोटभर हसून घेतलं.

शेठजींना मात्र ते फार लागलं. ओटा आजच मोडा, उद्यापासून एकट्यानं उचला, नाहीतर येऊ नका, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. झिपरूभाऊ ओट्यावरून उतरलेसुद्धा नाहीत.

"शेठ, पोतं फाटनं ते सुतळी शे. पाठले काय शे?" फाटलं पोतं शिवता येतं, पाठ नाही, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. बाकीचे हमाल आले आणि एकजात पोत्यांवर बसले. भरल्या गाड्या रस्ता अडवून उभ्या. दुपारी शेठजी मला हळूच म्हणाले, जा, घेऊन ये त्याला, ओटा राहू दे म्हणावं.

मी त्यांच्या घरी गेलो आणि दारातच थबकलो. झिपरूभाऊ खाटेपाशी गुडघे टेकून बायकोच्या पाठीखाली हात घालत होते. तिचे पाय कधीचेच गेले होते, आणि बाजारात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तिनं सवयीनं त्यांच्या गळ्यात हात टाकला. तिला छातीशी घेऊन ते सावकाश उठले. मी हात द्यायला पुढे झालो.

"सरका, दिवानजी. हाई पोतं नई शे."

तिला अंगणातल्या उन्हात बसवून त्यांनी फणी घेतली. वेणी घालून झाली की येतो, तोवर शेठला थांबायला सांगा, म्हणाले. मी परत येऊन तसंच सांगितलं.

शेठजी थांबले.